मागच्या दारापासून सुरुवात: वाढत्या शहरात संग्रहालय आणि नाट्यगृह कसं उभं राहतं

शहर वाढलं, मेट्रो आली, मध्यवस्तीत उंच इमारती उठल्या की महापालिकेच्या सभेत एक मागणी हमखास येते: शहराला शोभेल असं नाट्यगृह हवं, संग्रहालय हवं, कलादालन हवं. मग वर्तमानपत्रात रंगीत चित्र छापून येतं. काचेचा दर्शनी भाग, कारंजं, पायऱ्यांवर बसलेली तरुण मंडळी. ही वास्तू पुढची पन्नास वर्षं नीट चालेल की दहाव्या वर्षी गळायला लागेल, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी मागच्या बाजूचा नकाशा मागवावा लागतो. टेम्पो कुठून आत येतो, सामान कुठे उतरतं, प्रदर्शनात नसलेल्या वस्तू कुठे राहतात, गच्चीवरचं पाणी कुठून वाहून जातं आणि या सगळ्याचा दर महिन्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात धरला आहे, ते तिथे दिसतं.

दोन प्रयोगांमधला दीड तास

मराठी रंगभूमीवर शनिवार-रविवारी एकाच नाट्यगृहात दिवसाला तीन प्रयोग लागू शकतात: सकाळी, दुपारी आणि रात्री. तिन्ही वेगवेगळ्या संस्थांचे. समजा, दुपारचा प्रयोग सातला संपला आणि रात्रीचा साडेआठला आहे. मधल्या दीड तासात पहिल्या नाटकाचं नेपथ्य सोडवून बाहेर काढायचं, दुसऱ्याचं आत आणून उभं करायचं, लाइट्स नव्यानं लावून फोकस करायचे, माइक तपासायचे आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं प्रेक्षकांना आत सोडण्यासाठी राखायची. रंगमंच कामगारांच्या हातात प्रत्यक्षात तासाभराच्या आतबाहेरचा वेळ उरतो.

आता मागचं दार अरुंद असेल, टेम्पो एकच उभा राहू शकत असेल आणि दारापासून रंगमंचापर्यंत सहा पायऱ्या असतील, तर काय होतं? पहिल्या नाटकाचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती होणाऱ्या प्लायच्या चौकटी, बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याचे आत येऊ शकत नाहीत. बारा फुटी फ्लॅट पायऱ्यांवर आडवा करून, वळवून न्यावा लागतो. त्यात प्लायचे कोपरे फुटतात, माणसांच्या पाठी भरतात, तिसरी घंटा वीस मिनिटं उशिरा होते. रात्रीचा प्रयोग उशिरा सुटला की शेवटची लोकल चुकण्याच्या धास्तीनं लोक दुसऱ्या अंकातच उठू लागतात.

म्हणून मागच्या बाजूची मोजमापं सगळ्यात आधी ठरवायची. सहा-सात मीटर लांबीचे दोन टेम्पो शेजारी शेजारी, मागच्या रस्त्याची वाहतूक न अडवता उभे राहिले पाहिजेत. माल उतरवण्याचा ओटा टेम्पोच्या फाळक्याच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण 1 ते 1.2 मीटरवर हवा आणि रंगमंच शक्यतो त्याच पातळीवर. दार किमान 3 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच. सगळ्यात जास्त चुकतं ते पुढचं: दारापासून रंगमंचापर्यंतच्या *संपूर्ण* वाटेची रुंदी आणि उंची तेवढीच राहिली पाहिजे. दार चार मीटरचं आणि आत एसीची डक्ट तीन मीटरवर उतरलेली, असे नमुने भरपूर आहेत. नकाशात दार स्थापत्यकार काढतो, डक्ट एसीचा सल्लागार काढतो आणि दोघांचे कागद एकमेकांवर ठेवून कोणी पाहत नाही.

संग्रहालयाचं मागचं दारही असंच, फक्त तिथे घाई नसते, जपणूक असते. बाहेरून आलेली पेटी उतरल्याबरोबर उघडत नाहीत. पेटीतली हवा आणि खोलीतली हवा यांची ओल-उष्णता जुळावी म्हणून ती किमान 24 तास तशीच ठेवतात. त्यासाठी दाराला लागूनच वेगळी, कुलूपबंद खोली लागते. तिच्या शेजारी आणखी एक खोली, नव्या वस्तूंच्या विलगीकरणाची. पैठणी, गालिचा, लाकडी मूर्ती, पोथी यांतून वाळवी, कसर, झुरळं आत येऊ शकतात. कापड प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून उणे 30 अंशाला तीन दिवस किंवा उणे 20 अंशाला दोन आठवडे ठेवलं की कसर अंड्यांसकट मरते. ही खोली नसेल तर एका देणगीतली एक शाल अख्ख्या वस्त्रदालनाला लागण करू शकते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2017-18 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय यांच्यासह 'भारत आणि जग' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा वेळी वस्तू उसनी देणारं संग्रहालय आधी एक लांबलचक प्रश्नावली पाठवतं. दार केवढं, लिफ्ट किती वजनाची, पहारा किती माणसांचा, आग लागली तर काय आणि दालनांतल्या तापमानाच्या व आर्द्रतेच्या नोंदी कुठे आहेत. ज्यांच्याकडे नोंदी नाहीत त्यांना वस्तू मिळत नाहीत. शहरानं कोट्यवधी रुपये ओतले आणि जगातलं चांगलं प्रदर्शन तिथे येऊच शकलं नाही, याचं कारण पुष्कळदा तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारा, पाच-दहा हजार रुपयांचा डेटा लॉगर नसणं एवढंच असतं.

मध्यवस्तीतच का, आणि कोणत्या जागेत

शहराबाहेर स्वस्त जमीन असते, पार्किंगही भरपूर मिळतं. तरीही संग्रहालय किंवा नाट्यगृह मध्यवस्तीत असावं असं आम्ही ठामपणे म्हणतो, कारण अशा जागा एकट्यानं जगत नाहीत. मुंबईतला काळा घोडा परिसर बघा. जॉर्ज विटेट यांनी आखलेली, वर आलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत 1914 मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकी रुग्णालय राहिलं आणि संग्रहालय म्हणून ती 1922 मध्ये उघडली. शेजारी 1952 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी आली. समोरचा सर कावसजी जहांगीर हॉल 1911 चा. तो आतून पूर्ण बदलून 1996 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाला. डेव्हिड ससून वाचनालय त्याहून जुनं, 1870 चं. ज्या पुतळ्यावरून नाव पडलं तो तर 1965 मध्येच तिथून हलवला आणि आज भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

या चार वास्तूंना मिळून कोणी आराखडा केला नव्हता. त्या एकमेकींपासून पाच मिनिटांच्या पायी अंतरावर आहेत, हीच त्यांची ताकद. 1995 मध्ये मुंबईचे वारसा नियम आले, 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि 1999 पासून तिथला वार्षिक महोत्सव सुरू झाला. संघटना आणि महोत्सव आधीपासून असलेल्या फुटपाथवर उभे राहिले. जहांगीरमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. कोर्टातलं काम आटोपलेला माणूस स्टेशनकडे जाता जाता आत डोकावतो, भिंतीवरची चित्रं बघतो आणि निघतो. अशी येता-जाता होणारी भेट शहराबाहेरच्या दहा एकरांत घडवून आणता येत नाही.

मध्यवस्तीत जागा तीन प्रकारे मिळते. पहिली, जुनी इमारत. तिच्यात आधी जमीन किती वजन पेलेल ते तपासायचं. भारतीय मानकांप्रमाणे घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात, संग्रहालयाच्या दालनाची 400 किलो, ग्रंथालयाच्या कपाटांची 600 किलो. जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर दगडी मूर्ती ठेवायच्या असतील, तर आधी वाशांखाली काय आहे ते बघावं लागतं. मूर्ती तळमजल्यावर, वस्त्रं आणि कागद वर, हा साधा नियम पुष्कळ खर्च वाचवतो. पण तळमजल्यावर पुराचं पाणी कुठपर्यंत येतं तेही विचारायचं, आणि वस्तूंचं भांडार तळघरात कधीच करायचं नाही. मुंबईत 26 जुलै 2005 ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी, मोकळा भूखंड. तिथे स्वातंत्र्य जास्त, म्हणून चुकाही जास्त. त्या पुढे येतीलच.

तिसरी, आणि हल्ली सगळ्यात जास्त मिळणारी: पुनर्विकास. विकास आराखड्यात नाट्यगृहाचं आरक्षण असतं, विकासक जादा चटई क्षेत्राच्या, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीच्या बदल्यात ते बांधून देतो, वर टॉवर उठतो. कागदावर महापालिकेला फुकटात नाट्यगृह मिळतं. अडचण खांबांची आहे. टॉवरचे खांब आठ-नऊ मीटर अंतरावर असतात. आठशे आसनांच्या सभागृहात मात्र 25 मीटरच्या आसपास जागा बिनखांबी लागते. वरच्या तीस मजल्यांचा भार मधल्या प्रचंड तुळयांवरून बाजूला वळवायचा, तर खर्च आणि उंची दोन्ही वाढतात. तो टाळण्यासाठी सभागृहाची उंची कापली जाते, रंगमंच उथळ होतो, बाल्कनीत डोकं छताला टेकेल अशी जागा राहते. शिवाय वरच्या मजल्यावरचे पंप, जनरेटर, लिफ्ट यांची थरथर काँक्रीटमधून थेट सभागृहात उतरते. ती थांबवायची तर सभागृह रबरी बेअरिंगवर, डब्यात डबा ठेवल्यासारखं वेगळं बांधावं लागतं.

म्हणून विकासकाशी करार करताना "800 आसनांचं नाट्यगृह" एवढं लिहून भागत नाही. करारात आकडे हवेत: रंगमंचाच्या दर्शनी कमानीची रुंदी 11 ते 12 मीटर, खोली किमान 10 मीटर, दोन्ही बाजूंना विंगेसाठी प्रत्येकी निदान 5 मीटर, माल उतरवण्याचा ओटा रस्त्याला लागून, टॉवरमध्ये राहणाऱ्यांपासून पूर्ण वेगळं प्रवेशद्वार, रिकाम्या सभागृहात एसी चालू असताना आवाजाची कमाल पातळी. यातलं काही भरलं नाही तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, अडेल, असं कलमही हवं. नाट्यगृह तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल, तर दोन मालवाहू लिफ्ट हव्यात. एकच असली आणि ती बंद पडली, तर त्या रात्रीचा प्रयोग रद्द.

आवाज

सभागृहात टाळी वाजवली की तिचा नाद विरायला किती वेळ लागतो, यावर त्या जागेचा स्वभाव ठरतो. याला निनाद-काळ म्हणतात. संवादप्रधान नाटकाला तो सेकंदाच्या आसपास लागतो. त्याहून लांबला की शब्दाच्या शेपटावर पुढचा शब्द चढतो आणि "काय म्हणाला?" असं शेजारच्याला विचारावं लागतं. शास्त्रीय गायनाला जरा जास्त चालतो, सव्वा ते दीड सेकंद. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंद हवेत. बहुउद्देशीय सभागृह म्हणून बांधलेली जागा बहुतेकदा कशालाच धड का नसते, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. ज्या शहरात वर्षाला दोनशे नाटकं आणि वीस मैफली होतात, तिथे सभागृह नाटकासाठी आखावं. मैफलीला ध्वनिशोषक पडदे बाजूला सरकवून दोन-तीन दशांशांचा फरक पाडता येतो.

नूतनीकरणात हीच गोष्ट सर्वात जास्त बिघडते. जुनी कापडी आसनं काढून रेक्झिनची लावली, भिंतीचे लाकडी पट्टे काढून नवे तक्ते बसवले, गालिचा बदलला, असं प्रत्येक काम वेगळ्या ठेकेदाराकडे जातं. प्रत्येकाला आपलं काम छान दिसायला हवं असतं. पण प्रत्येक पृष्ठभाग आवाज किती शोषतो आणि किती परतवतो यावर निनाद-काळ ठरतो. रिकाम्या सभागृहातली तालीम आणि भरलेल्या सभागृहातला प्रयोग यांत फार फरक पडू नये म्हणून आसनाची गादी आणि पाठ मुद्दाम निवडलेली असते. ती बदलली की नटाचा अंदाज चुकतो.

पणजीच्या कंपाल भागातली कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी आखली. मांडवीच्या काठी, आतल्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी रंगवलेली माणसं आणि गोव्या-महाराष्ट्रातल्या कलावंतांना हवंहवंसं वाटणारं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. 2021 मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद झाली. जुलै 2023 मध्ये काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. नोव्हेंबर 2023 मध्ये वास्तू पुन्हा उघडली, आणि आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, गळती होते अशा तक्रारी कलावंतांनीच मांडल्या. शेवटी सरकारला कृतिदल नेमावं लागलं. आम्हाला या प्रकरणाचं फार वाईट वाटतं, कारण आवाज मोजता येतो. काम सुरू होण्याआधी दहा ठिकाणी निनाद-काळ मोजून ठेवायचा, प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा मोजायचा आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या मोजणीला बांधायचं. खर्च एकूण कामाच्या मानानं नगण्य असतो.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. नटाच्या चेहऱ्यावरचे भाव साध्या डोळ्यांना सुमारे 20 मीटरपर्यंत दिसतात. बाराशे आसनांचा हट्ट धरला की शेवटच्या रांगा त्यापलीकडे जातात आणि पूर्ण पैसे मोजून आलेल्या माणसाला बोलत्या बाहुल्या दिसतात. दुसरं, ध्वनिव्यवस्थेची वीज आणि लाइट्सच्या डिमरची वीज वेगवेगळी, वेगळ्या अर्थिंगची हवी. नाहीतर लाइट मंद केला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. तो घालवायला नंतर भिंती फोडाव्या लागतात.

ओल

संग्रहालयाचा मोठा शत्रू चोर नसून ओल आहे, आणि कोकणपट्टीत तर दर वर्षी चार महिने ती मुक्कामाला असते. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. कागद, कापड, चामडं, लाकूड यांना साधारण 45 ते 60 टक्के मानवतं. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते त्याचं स्थिर असणं.

सरकारी वेळापत्रकात काय होतं ते पाहा. सकाळी दहाला एसी सुरू होतो. दालन 22 अंशांपर्यंत थंड होतं, लाकडाचं, धातूचं तापमान उतरतं. संध्याकाळी सहाला एसी बंद. जुलैत मुंबईची बाहेरची हवा 28 अंश आणि 88 टक्के ओल अशी असली तर तिचा दवबिंदू 25-26 अंशांवर असतो. म्हणजे त्याहून थंड कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पोचली की दव धरतं. रात्रभर दारांच्या फटींतून ही हवा आत झिरपते आणि थंड मूर्तीवर, चित्राच्या मागच्या बाजूवर, काचेच्या आतून ओल बसते. सकाळी पुन्हा एसी, पुन्हा कोरडेपणा. लाकूड रात्री फुगतं, दिवसा आकसतं, असं वर्षाला तीनशे वेळा. रंगाच्या पापुद्र्यांना तडे जातात ते यामुळे. वीज वाचवण्याच्या हेतूनं बंद केलेला एसी हा एसी नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

उपाय दोन. एकतर यंत्रणा चोवीस तास चालवायची, किंवा तिच्यावर फार विसंबायचंच नाही: जाड भिंती, दुहेरी दारांची जोडखोली, घट्ट बंद होणाऱ्या शोकेस आणि शोकेसच्या तळाशी सिलिका जेल. जेलचं जुनं, खात्रीचं प्रमाण म्हणजे शोकेसच्या दर घनमीटर हवेला 20 किलो. मध्यम शहरातल्या संग्रहालयानं दुसरी वाट धरावी असं आमचं मत आहे. शोकेसची रबरी पट्टी बदलणं जमतं, चिलर प्लांट बदलणं जमत नाही.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. वस्त्र, पोथी, जलरंगातलं चित्र यांना 50 लक्स, तैलचित्राला 200 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). उजेडानं झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही. म्हणून पैठणी तीन-चार महिने दाखवायची आणि मग अंधारात विश्रांतीला पाठवायची. याचा अर्थ भांडार मोठं हवं. नव्या संग्रहालयाच्या नकाशात दालनांना नव्वद टक्के आणि भांडाराला जिन्याखालची खोली दिसली, तर तो नकाशा परत पाठवावा. भांडार आधीच कोंबलेलं असेल, तर इक्रोम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं युनेस्कोबरोबर विकसित केलेली री-ऑर्ग नावाची पद्धत आहे. थोड्या पैशांत, आहे त्या माणसांत भांडार पुन्हा लावून कसं घ्यायचं हे ती पायरीपायरीनं शिकवते. नोंदवही संगणकावर न्यायला पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'जतन' नावाची प्रणाली बनवली आहे.

आग

दिल्लीचं निसर्गेतिहास संग्रहालय एप्रिल 2016 मध्ये जळालं. ते भाड्याच्या इमारतीत होतं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर 2018 मध्ये जळालं. सुरुवात एसीपासून झाली आणि अग्निशमन दल पोचलं तेव्हा जवळच्या हायड्रंटना, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या नळांना, पाणी नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभारलेलं, 1915 पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत होरपळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री नाट्यगृहाबाहेर उभे राहून रडणारे लोक कोल्हापूरनं पाहिले.

रंगमंचावर पडदे, प्लाय, रंग, दोऱ्या आणि शेकडो अँपिअर वीज एकत्र नांदते. पडद्यांना अग्निरोधक द्रावण लावलेलं असतं, पण पडदा धुतला की ते निघून जातं आणि पुन्हा लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. धुण्याच्या तारखेसोबत द्रावणाची तारीख नोंदवायची. दर महिन्याला हायड्रंट प्रत्यक्ष उघडून पाणी येतं का पाहायचं, नुसता दाबाचा काटा बघून सही करायची नाही. संग्रहालयाच्या भांडारात पाण्याऐवजी वायूची यंत्रणा बरी, मात्र ती खोली हवाबंद असेल तरच. दाराखाली दोन बोटांची फट असेल तर वायू निघून जातो आणि आग राहते. 1997 मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसं गेली. वाढवलेल्या खुर्च्यांनी तिथे बाहेर पडायच्या वाटा अडवल्या होत्या. हाऊसफुल्ल प्रयोगाला मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकताना हे आठवावं.

स्वच्छतागृहाचं गणित

यावर अंदाज नको, गुणाकार करू. आठशे आसनं, त्यात चारशे स्त्रिया. मध्यंतरात त्यातल्या निम्म्या जातात, म्हणजे दोनशे. प्रत्येकीला सरासरी दोन मिनिटं. स्वच्छतागृहं दहा असतील तर सगळ्यांना चाळीस मिनिटं लागतील. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटांत जमायला सत्तावीस लागतात. नकाशात बहुधा स्त्री-पुरुषांना सारखी जागा दिलेली असते, म्हणून एकीकडे रांग जिन्यापर्यंत आणि दुसरीकडे मोकळं. रंगपटाला लागून कलाकारांसाठी, बॅकस्टेजच्या मुलींसाठी वेगळी, आतून कडी लागणारी, चोवीस तास पाणी असलेली सोय हवी. हे लिहावं लागतं याचंच दुःख आहे.

पैसा बांधायला मिळतो, चालवायला नाही

स्पेनमधलं बिलबाओ हे उदाहरण प्रत्येक सादरीकरणात येतं. फ्रँक गेरींचं टायटेनियमनं मढवलेलं गुगेनहाइम 1997 मध्ये उघडलं आणि उतरणीला लागलेलं बंदर पर्यटकांनी भरलं. सादरीकरणात करार दाखवत नाहीत. बास्क सरकारनं बांधकामाला 10 कोटी डॉलर मान्य केले, कलाकृतींच्या खरेदीला वेगळे 5 कोटी, गुगेनहाइम प्रतिष्ठानला एकरकमी 2 कोटी आणि *दर वर्षी* 1 कोटी 20 लाख डॉलरच्या खर्चाला अनुदान. म्हणजे बांधकामाच्या सुमारे 12 टक्के रक्कम दर वर्षीच्या चालण्यासाठी. दोन वर्षं आधी शहरात मेट्रोही सुरू झाली होती. टायटेनियमची नक्कल करणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

आपल्याकडचा हिशेब करून बघू. आठशे आसनांच्या सभागृहाला साधारण 120 टनांचा एसी लागेल असं धरा. पंप, ब्लोअर धरून टनाला तासाला 1.2 युनिट. प्रयोगाआधीचं थंड करणं मिळून चार तास, म्हणजे 576 युनिट. युनिटला 12 रुपये धरले तर एका प्रयोगाची नुसती एसीची वीज जवळपास 7 हजार रुपये. नाट्यगृहाचं भाडं याच्या आसपासच ठेवलं तर दुरुस्तीला काही उरत नाही; बाजारभावानं लावलं तर हौशी आणि प्रायोगिक संस्था बाहेर फेकल्या जातात. मधला मार्ग म्हणजे तूट मान्य करून ती अंदाजपत्रकात उघडपणे दाखवणं. संग्रहालयाच्या हजार चौरस मीटर दालनांना सरासरी 40 किलोवॅट चोवीस तास लागले, तर वर्षाला साडेतीन लाख युनिट, 42 लाख रुपये. हा आकडा भूमिपूजनाच्या आधी सभेपुढे यायला हवा.

माणसांचं तसंच. महापालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, संवर्धक, नोंदणी अधिकारी, प्रकाश तंत्रज्ञ ही पदंच नसतात. मग उद्यान खात्यातला कारकून संग्रहालयाकडे वर्ग होतो आणि तो बिचारा पितळी मूर्ती चिंचेनं लख्ख घासून ठेवतो. शतकानुशतकांचा काळसर थर, ज्यावरून अभ्यासक वय आणि वापर ओळखतात, तो एका सकाळी नाहीसा होतो. इमारतीच्या निविदेबरोबरच पदनिर्मितीचा प्रस्ताव गेला पाहिजे. मंजुरीला लागणारा वेळ बांधकामाला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी नसतो.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं. ते जीर्ण झालं तेव्हा 2003 मध्ये त्रिपक्षीय करार झाला: मालकी महापालिकेची, तज्ज्ञता इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची, पैसा जमनालाल बजाज फाउंडेशनचा. 2005 मध्ये कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. मालकी शहराकडे राहते आणि रोजचा कारभार जाणकारांकडे जातो, म्हणून ही रचना आम्हाला पटते. तरीही 2020 मध्ये महासाथीत बंद झालेलं हे संग्रहालय नव्यानं दुरुस्त होऊन जानेवारी 2025 मध्येच उघडलं. दीडशे वर्षांच्या वास्तूला दर दहा-पंधरा वर्षांनी मोठं काम निघतं. त्यासाठी दर वर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात, दुसऱ्या कशाला वळवता येणार नाही अशी, बाजूला पडत राहायला हवी.

उद्घाटनाआधीचा एक रिकामा पावसाळा

बांधकाम संपलं की उद्घाटनाची तारीख लगेच हवी असते. इथे थांबायला सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही, तरी सांगतो. नवं काँक्रीट ढोबळ मानानं महिन्याला 25 मिलिमीटर वाळतं, पावसाळ्यात त्याहून सावकाश. दीडशे मिलिमीटरचा स्लॅब निदान सहा महिने दालनात ओल सोडत राहतो. नवा प्लाय, नवा रंग, काही डिंक यांतून आम्लयुक्त किंवा गंधकयुक्त वाफा निघतात. बंद शोकेसमध्ये त्या कोंडतात आणि शिशाची मुद्रा पांढरी पडते, चांदी काळवंडते.

त्यामुळे शोकेससाठी निवडलेल्या प्लायचा, कापडाचा, डिंकाचा तुकडा आधी तपासायचा. काचेच्या लहान बरणीत तो तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांची एकेक घासून चकचकीत केलेली पट्टी. बरणी घट्ट बंद करून 60 अंशांना 28 दिवस. सोबत तुकडा न घातलेली एक बरणी तुलनेसाठी. शिशावर पांढरी पूड दिसली तर तो माल शोकेसमध्ये जाऊ द्यायचा नाही.

आणि जून ते सप्टेंबर दालनं रिकामी ठेवून सगळी यंत्रणा चालवायची. प्रत्येक दालनात, भांडारात आणि तीन-चार रिकाम्या शोकेसमध्ये डेटा लॉगर, दर पंधरा मिनिटांनी नोंद. पहिल्या मोठ्या पावसात माणूस गच्चीवर आणि एक छताखाली. कुठल्या पन्हळीचं पाणी मागे फिरतं, कोणत्या खिडकीखाली भिंत फुगते, वीज गेल्यावर आर्द्रता किती वेळात चढते, हे सगळं या चार महिन्यांत कळतं आणि ठेकेदाराची अनामत अजून आपल्याकडे असते. ऑक्टोबरात आलेख सरळ झाला की मागचं दार उघडायचं आणि पहिली पेटी आत घ्यायची.